हरणाऱ्याला पटेल असा पुरावा

१८ मे २००३. बेल्जियममध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि रात्री आकडे यायला लागले. ब्रसेल्समधल्या स्खारबेक पालिकेतला एक आकडा काही केल्या जुळेना. तिथल्या एका उमेदवाराला तिच्या पक्षाच्या यादीलाही मिळू शकली नसती इतकी मतं पडलेली दिसत होती. तिथे मतदाराची निवड चुंबकीय कार्डावर नोंदवली जायची आणि ती कार्डं पेटीत जमा व्हायची. ती सगळी पुन्हा वाचली. नवा आणि जुना आकडा यांत नेमका ४,०९६ मतांचा फरक निघाला. बाकी एकाही उमेदवाराचं एक मतसुद्धा हललं नव्हतं.

संगणकाशी थोडीफार सलगी असलेल्याला हा आकडा पाहताच काहीतरी आठवेल. संगणक आकडे शून्य आणि एक यांतच लिहितो आणि प्रत्येक घराची किंमत आधीच्या घराच्या दुप्पट: १, २, ४, ८, १६ असं करत तेराव्या घराची किंमत येते ४,०९६. म्हणजे त्या स्मृतीतल्या तेराव्या घरात शून्य होतं, तिथे एक झाला. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही, कुणी हात घातल्याची खूणही मिळाली नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाचा धक्का चिपला बसला असावा, असा तर्क निघाला. त्याहून पटणारं स्पष्टीकरण आजवर कुणी दिलेलं नाही.

ही गोष्ट बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली वेगळीच बाजू अस्वस्थ करते. ही चूक पकडली गेली ती केवळ ती अशक्य होती म्हणून. बदललेलं घर चार घरं अलीकडचं असतं तर वाढली असती फक्त २५६ मतं, आणि त्या आकड्याकडे कुणी मान वर करूनही पाहिलं नसतं. पकडल्यावर ती दुरुस्त झाली ती मात्र वेगळ्या कारणाने: मोजणाऱ्या यंत्राबाहेर मतांची दुसरी नोंद पेटीत पडून होती. ती पेटी नसती तर ‘काहीतरी चुकलंय’ एवढंच हाती राहिलं असतं. काय बरोबर, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

मतदान यंत्रांवरचा आपला सगळा वाद मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरतो: यंत्र हॅक होतं का? एक बाजू छातीठोकपणे सांगते, होतं. दुसरी तितक्याच ठामपणे सांगते, त्याला इंटरनेट नाही, ब्लूटूथ नाही, वायफाय नाही, कसं होईल? प्रत्येक निकालानंतर हेच वग पुन्हा रंगतात, फक्त पात्रांची अदलाबदल होते. काल हरताना यंत्राला शिव्या देणारे आज जिंकल्यावर त्याची आरती ओवाळतात. माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असो की ‘नाही’, त्यातून झालेल्या निवडणुकीबद्दल काहीच कळत नाही. एखादं यंत्र प्रयोगशाळेत फसवता आलं म्हणून या निवडणुकीत कुणी ते फसवलं असं होत नाही. आणि आजवर कुणाला फसवता आलं नाही म्हणून ते या वेळी बरोबर चाललं असंही होत नाही. विचारायला हवं ते निराळंच. यंत्र चुकलं, मग कुणी मुद्दाम चुकवलेलं असो की आपोआप, तर ते आपल्याला कळणार कसं? आणि कळल्यावर खरा आकडा आणणार कुठून?

जिंकणाऱ्याला पुरावा लागत नाही, निकाल त्याला आपोआप पटतो. निवडणुकीची सगळी यंत्रणा, शाई, सील, पेट्या, रांगा, प्रतिनिधींच्या सह्या, ही हरणाऱ्यासाठी असते. त्याला, आणि त्याच्याहीपेक्षा त्याला मत देणाऱ्यांना, ‘हा सूर्य हा जयद्रथ’ असं दाखवता आलं पाहिजे.

‘बँकेचे कोट्यवधी व्यवहार यंत्रांवर बिनघोर चालतात, मग मतदानालाच काय झालं?’ हा प्रश्न सुशिक्षित माणसं फार आत्मविश्वासाने विचारतात. उत्तर एका शब्दात आहे: गुप्तता. एटीएमने पाचशे रुपये कमी दिले तर खात्याच्या नोंदीत ते दिसतं, तुम्ही तक्रार करता, बँक तपासते, पैसे परत येतात. बँकेची यंत्रं चुकतातच. ती चूक उघडी पडते, कारण प्रत्येक व्यवहारावर तुमचं नाव असतं आणि नोंद दोन्हीकडे राहते. मतदानात आपण जाणूनबुजून हा धागा तोडतो. मतदार कोण ते तपासायचं, पण त्याने मत कुणाला दिलं ते पुन्हा कुणालाच, खुद्द त्यालाही, सिद्ध करता येऊ नये. सिद्ध करता आलं की ते विकता येतं आणि धमकावून वसूलही करता येतं. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी गुप्त मतदान आणलं ते याच दुखण्यावर. म्हणजे मतदान यंत्राकडून आपण दोन उलट गोष्टी एकदम मागतो: कुणाचं मत कुठे गेलं हे कधीच कळू देऊ नकोस, आणि प्रत्येक मत बरोबर ठिकाणी गेलं हे सगळ्यांना दाखव. बँकेच्या संगणकावर हे ओझं कधी पडलेलंच नाही.

कागदी मतपत्रिकेने हे कोडं फार साधेपणाने सोडवलं होतं. शिक्का मारेपर्यंत मत तुमचं, पेटीत पडलं की कुणाचंच नाही. पण कागदाचा तुकडा शिल्लक राहतो आणि तो कितीही वेळा मोजता येतो. यंत्रं आली तेव्हा नेमका हा तुकडा हरवला. १८९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावी खटके ओढून मत देण्याचं यंत्र प्रथम वापरलं गेलं. प्रत्येक खटक्यामागे एक दातेरी चाक, गाडीच्या किलोमीटर दाखवणाऱ्या चाकासारखं. दिवसाअखेर चाकांवरचे आकडे वाचायचे की झाला निकाल. एखादं चाक अडलं तर? अडलं ते अडलं. वेगवेगळी मतं कुठेच लिहिलेली नव्हती, तेव्हा पुन्हा मोजणार काय? तरीही अमेरिकेच्या मोठ्या भागात ही यंत्रं शंभरेक वर्षं चालली, हे पाहिलं की माणसाच्या सहनशक्तीचं कौतुक वाटतं.

मग भोकं पाडायची कार्डं आली, आणि २००० मध्ये फ्लोरिडात ५३७ मतांच्या फरकावर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरला तेव्हा भोकातून अर्धवट लोंबणाऱ्या कागदाच्या टिकल्या सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिल्या. भिंगं लावून कार्डं न्याहाळणारे अधिकारी हास्यास्पद दिसत होते. त्या दृश्याची लाज इतकी वाटली की २००२ मध्ये कायदा करून अब्जावधी डॉलर ओतले गेले आणि बऱ्याच ठिकाणी कागदाला फाटा देणारी टचस्क्रीन यंत्रं आली. लोंबणारी टिकली गेली, पण तिच्याबरोबर भिंग लावून पाहण्यासारखं जे काही होतं तेही गेलं. रोग्यासकट रोग घालवण्याचाच हा प्रकार.

त्याची फळं लवकरच दिसली. २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कार्टरेट काउंटीत यंत्राची स्मृती ३,००५ मतांनंतर भरली. पुरवठादाराने ती दहा हजारांवर मतं साठवेल असं सांगितलेलं. यंत्र पुढेही मतदारांना मत देऊ देत राहिलं, फक्त ते नोंदवत नव्हतं. ४,४३८ मतं हवेत विरली. राज्यपातळीवरच्या एका पदासाठी दोन उमेदवारांत फरक होता २,२८७ मतांचा. हरवलेली मतं फरकाच्या जवळजवळ दुप्पट आणि ती परत आणायला काहीच नाही. तीन महिने वाद चालला आणि अखेर एका उमेदवाराने माघार घेतली म्हणून मिटला. हॅकर नव्हता, कटही नव्हता. एक आकडा चुकीचा सांगितला गेला, एवढंच.

दोन वर्षांनी फ्लोरिडातच, सॅरासोटा काउंटीत, जवळपास १८,००० मतदारांनी यंत्रावर बाकी पदांसाठी मत दिलं, पण अमेरिकी काँग्रेसच्या जागेसाठी दिलं नाही, असं यंत्र म्हणत होतं. टपाली कागदी मतपत्रिकांवर ही जागा कोरी सोडणारे शंभरात दोन-तीन, यंत्रावर मात्र चौदा-पंधरा. निकालाचा फरक ३६९ मतं. पुढे झालेल्या तपासण्यांमध्ये यंत्रात दोष आढळला नाही. पडद्यावरची मांडणीच अशी होती की ती जागा नजरेतून निसटत होती, हे स्पष्टीकरण सगळ्यांत संभाव्य मानलं जातं. मलाही तेच पटतं. पण ‘संभाव्य’ या शब्दावर हरलेल्या उमेदवाराने समाधान मानायचं का? कागद असता तर लोकांनी खरोखर कोरं सोडलं होतं की यंत्राने गिळलं, हे एका दुपारीत कळलं असतं.

इथे हमखास एक आक्षेप येतो. आमचं यंत्र म्हणजे तो अमेरिकी संगणक नव्हे, हे फक्त मतं मोजणारं साधं कॅल्क्युलेटरसारखं यंत्र आहे. नेदरलँड्समध्येही अगदी हेच म्हणत होते. तिथे नेडॅप कंपनीची यंत्रं होती. २००६ मध्ये रॉप गोंगग्रैप नावाचा हॅकर आणि त्यांच्या साथीदारांनी दावा केला की हा साधा संगणकच आहे, याला काहीही करायला लावता येईल, अगदी बुद्धिबळसुद्धा. यंत्राच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी म्हटलं, खेळवून दाखवा पाहू. त्यांनी यंत्र मिळवलं आणि त्याला बुद्धिबळ खेळायला लावलं. शिवाय काही मिनिटांत चिप बदलून निकाल फिरवता येतो हे टीव्हीवर दाखवलं. मला त्यांचा तिसरा शोध सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो कुणाच्या स्वप्नातही आला नसता. एका पक्षाच्या नावात एका अक्षरावर स्वरचिन्ह होतं. ते पडद्यावर उमटलं की पडदा चालवणाऱ्या सर्किटची लय बदलायची आणि तो बदल काही मीटरवर ठेवलेल्या रेडिओवर ऐकू यायचा. म्हणजे खोलीबाहेर उभं राहून कुणी त्या पक्षाला मत दिलं ते कळत होतं. नेदरलँड्स पुन्हा कागद आणि लाल पेन्सिलकडे वळलं. आयर्लंडने त्याच कंपनीची सुमारे ७,५०० यंत्रं घेतली होती. सगळा खर्च पाच कोटी युरोंवर गेला, आणि २०१२ मध्ये ती सुमारे ७० हजार युरोंना भंगारात गेली.

जर्मनीत एका बापलेकाने याच यंत्रांविरुद्ध न्यायालय गाठलं. ३ मार्च २००९ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने दिलेला निकाल मला या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा कागद वाटतो. न्यायालयाने यंत्रात खोट झाली असं म्हटलं नाही, २००५ ची निवडणूकही रद्द केली नाही. ते एवढंच म्हणालं की मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञानाशिवाय, तपासता आले पाहिजेत. यंत्र वापरू नका असा त्याचा अर्थ नव्हता. यंत्रावर विश्वास ठेवण्याची सक्ती नागरिकावर करू नका, हा होता.

‘तज्ज्ञांच्या समितीने तपासलं आहे’ हे उत्तर म्हणूनच अपुरं पडतं. तज्ज्ञ प्रामाणिक असतील, पण त्यांनी एक यंत्र तपासलं, तुम्ही मत देता ते दुसरंच. सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ प्रोग्रॅम, दडवून ठेवणं म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि उघडा केला तरी प्रश्न उरतोच. युनिक्स या संगणकप्रणालीच्या निर्मात्यांपैकी एक केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की कोड स्वच्छ असूनही तो यंत्रभाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चोरवाट लपवता येते. म्हणजे वाचून खात्री पटत नाही. संगणकतज्ज्ञ रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी २००६ मध्ये यातून साधी कसोटी काढली: सॉफ्टवेअरमधली न पकडलेली चूक निकालात न पकडता येणारी चूक घडवू शकणार नाही, अशी व्यवस्था हवी. सॉफ्टवेअर चांगलं असो की वाईट, आपल्याला फरक पडता कामा नये.

आता कागदाच्या भक्तांकडे वळतो, कारण तिकडेही भाबडेपणा कमी नाही. मलावीत २०१९ ची अध्यक्षीय निवडणूक पूर्णपणे कागदावर झाली. निकालपत्रकांवर आकडे पांढऱ्या खोडरंगाने पुसून बदललेले सापडले आणि ३ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. भारतात यंत्रं आली ती फॅशन म्हणून नव्हे. बूथ बळकावून तासाभरात शेकडो मतपत्रिकांवर शिक्के मारून पेट्या भरायचे दिवस लोकांनी पाहिले होते. ईव्हीएम मिनिटाला साधारण चार-पाचच मतं घेतं आणि ‘क्लोज’चं बटण दाबलं की एकही घेत नाही. गुंडाच्या हाती बूथ लागला तरी त्याचं काम या एका मर्यादेने अवघड होतं. शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडून बाद होणारी मतंही संपली. १९८२ मध्ये केरळातल्या परूरला ५० केंद्रांवर झालेल्या पहिल्या वापरापासून आजपर्यंत या यंत्राने जे चांगलं केलं ते नाकारण्यात शहाणपणा नाही. ‘चला, सगळं कागदावर’ म्हणणाऱ्यांना ते दिवस एकतर आठवत नाहीत किंवा आठवायचे नसतात.

मग यंत्र आणि कागद दोन्ही का नकोत? भारताने तेच केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कागदी पडताळणी आवश्यक ठरवली आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत प्रत्येक केंद्रावर व्हीव्हीपॅट आलं. बटण दाबलं की काचेआड उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन खालच्या बंद पेटीत पडते. कल्पना अगदी बरोबर आहे. यंत्राच्या स्मृतीबाहेर, माणसाला वाचता येईल अशी, मतदाराने पाहिलेली दुसरी नोंद. नियम तर असाही आहे की चिठ्ठ्या आणि यंत्र यांत फरक पडला तर चिठ्ठ्यांचा आकडा खरा धरायचा. उत्तम.

पण चिठ्ठी पेटीत पडून राहिली तर तो पुरावा नव्हे, ती नुसती रद्दी. पुरावा ती मोजल्यावर होते. किती मोजायच्या? २०१९ पासून उत्तर आहे: प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या, सोडत काढून निवडलेल्या. हे पाच कितपत पुरतात ते हिशोब करून पाहू. एका क्षेत्रात ३०० केंद्रं आहेत असं धरा. त्यातल्या तीन केंद्रांवरची यंत्रं चुकीची असतील तर पाचांच्या नमुन्यात त्यातलं एकही न येण्याची शक्यता ९५ टक्के. तीस यंत्रं, म्हणजे दहा टक्के, बिघडलेली असली तरी ५९ टक्के वेळा पाचही केंद्रं स्वच्छ निघतील. निम्मी यंत्रं बिघडली असतील तेव्हा कुठे पाचांचं जाळं पक्कं: निसटण्याची शक्यता तीन टक्के. आणि काट्याची लढत फिरवायला निम्मी यंत्रं कुणाला लागतात?

‘शितावरून भाताची परीक्षा’ हे आपल्याला इतकं पाठ आहे की नमुना म्हटला की चार शितं पुरेत असं वाटतं. पण ती म्हण खरी ठरते कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. तीनशे केंद्रं म्हणजे तीनशे भांडी. पाच भांड्यांतली शितं चेपून उरलेल्या २९५ बद्दल किती बोलायचं, ते आपण काय शोधतोय यावर ठरतं. सगळीकडे सारखाच दोष असेल तर पाच पुरतील. मोजक्या ठिकाणी असेल तर नाही.

याच्या उलट टोकाला मागणी आहे ती सगळ्याच चिठ्ठ्या मोजण्याची. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला ती फेटाळली, आणि इथे मी न्यायालयाशी अर्धा सहमत आहे. लाखभर मतांनी सुटलेल्या जागेवर प्रत्येक चिठ्ठी मोजण्यात वेळेखेरीज काही जात नाही हे खरं, पण काही मिळतही नाही. माझा मतभेद पाच या आकड्याच्या ठरावीकपणाशी आहे. दोन लाखांनी जिंकलेल्या जागेला पाच आणि दोनशे मतांनी जिंकलेल्या जागेलाही पाचच? पाच रुपयांच्या पावतीला आणि पाच लाखांच्या पावतीला एकच तपासनीस एकाच नजरेने पाहणार असेल तर त्याला हिशोब तपासणं म्हणत नाहीत.

संख्याशास्त्राने यावर तोडगा काढून ठेवला आहे. फिलिप स्टार्क यांनी २००८ च्या सुमारास मांडलेली पद्धत अशी: आधी ठरवायचं की निकाल चुकीचा असेल तर तो निसटण्याचा धोका आपण जास्तीत जास्त किती पत्करणार, समजा पाच टक्के. मग मतपत्रिका यदृच्छेने उचलून हाताने वाचत जायचं. पुरावा पुरेसा झाला की थांबायचं, नाही झाला तर मोजत राहायचं, अगदी शेवटच्या कागदापर्यंत. फरक मोठा असेल तर काही शे मतपत्रिकांत काम होतं. साध्या पद्धतीत फरक दहापट कमी झाला की नमुना साधारण शंभरपट वाढतो. कष्ट जिथे शंका मोठी तिथेच पडतात. कोलोरॅडो राज्याने २०१७ मध्ये राज्यभर ही पद्धत राबवली तेव्हा कुठल्या मतपत्रिका उचलायच्या हे ठरवायला लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून वीस आकडे काढले. संगणकाला ‘एक यदृच्छ आकडा दे’ म्हटलं असतं तर पुन्हा संगणकावरच विश्वास ठेवावा लागला असता. महाभारतापासून बदनाम झालेले फासे इथे सचोटीच्या कामी आले, याचं मला राहून राहून हसू येतं.

कागदाबद्दल एक अडचण मात्र टाळून चालणार नाही. चिठ्ठी मतदाराने खरोखर पाहिली का? मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी लुटुपुटीचं मतदान घेऊन मुद्दाम प्रत्येकाच्या छापील मतपत्रिकेत एक निवड बदलली. काही न सुचवता, आपणहून चूक दाखवून देणारे शंभरात सातही निघाले नाहीत. म्हणजे यंत्राने छापलेला कागद हा मतदाराने स्वतः खूण केलेल्या कागदाच्या तोलाचा नाही. स्वतःच्या हाताने खूण करायची आणि मग ती स्कॅनरने मोजायची, ही व्यवस्था मला म्हणूनच सर्वांत भक्कम वाटते. आणि जिथे यंत्रच छापतं तिथे निदान तक्रार करणाऱ्याला घाबरवू नये. भारतातला नियम असा: चिठ्ठीवर दुसरंच चिन्ह आलं असं मतदार म्हणाला तर त्याच्याकडून लेखी प्रतिज्ञा घेऊन चाचणी मत घ्यायचं, आणि त्यात त्याचं म्हणणं खोटं ठरलं तर शिक्षेची तरतूद. अधूनमधून चुकणारं यंत्र नेमकं त्या चाचणीत चुकेलच असं नाही. मग खरं बोलणारा माणूस तोंड उघडेल कशाला?

यंत्र, कागद, नमुना हे सगळं जमलं तरी एक कडी उरते, आणि व्हेनेझुएलाने २०२४ मध्ये ती जगाला दाखवली. तिथली यंत्रं प्रत्येक मताची कागदी पावती देतात आणि मतदान संपल्यावर केंद्राचा निकाल छापतात. त्या छापील निकालाची प्रत पक्षांच्या प्रतिनिधींना मिळते. २८ जुलैच्या रात्री निवडणूक मंडळाने अध्यक्ष मादुरो जिंकल्याचं जाहीर केलं, पण केंद्रनिहाय आकडे दिलेच नाहीत. विरोधकांच्या कार्यकर्त्यांनी ८० टक्क्यांहून जास्त केंद्रांच्या छापील प्रती गोळा करून लोकांसमोर ठेवल्या. त्यांत विरोधी उमेदवार एदमुंदो गोन्सालेस मादुरोंच्या दुपटीहून जास्त मतं घेऊन पुढे होते. यंत्र खरं बोललं होतं, खोटं माणसं बोलली. ते पकडलं कुणी? हजारो केंद्रांवर कागदाची एक प्रत घेऊन बाहेर पडलेल्या साध्या माणसांनी. मादुरो तेव्हा सत्तेवर राहिले हे खरं. पण ते कसे राहिले, यावर आता कुणाला वाद घालता येत नाही.

भारतात केंद्राध्यक्ष मतदान संपल्यावर १७ सी नमुन्यात किती मतं पडली ते भरून प्रतिनिधींना प्रत देतो. २०२४ मध्ये हे आकडे सगळ्यांसाठी संकेतस्थळावर टाका अशी मागणी न्यायालयात गेली. ऐन निवडणुकीत तसा हंगामी आदेश द्यायला न्यायालयाने नकार दिला. ज्या पक्षाला प्रत्येक केंद्रावर माणूस बसवता येत नाही, त्याच्या आणि मतदाराच्या हाती तो कागद येणार कसा? केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ ची अध्यक्षीय निवडणूक रद्द केली, त्यानंतर २०२२ मध्ये तिथल्या आयोगाने प्रत्येक केंद्राचं निकालपत्रक संकेतस्थळावर ठेवलं आणि कुणीही घरबसल्या बेरीज करायला मोकळा झाला. कर नाही त्याला डर कशाला, एवढाच प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, हरणाऱ्याला काहीही दाखवलं तरी पटत नाही. २०२० मध्ये जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या, तरी डोनाल्ड ट्रम्प यांना पटलं नाहीच. बरोबर. पण त्या मोजणीत फ्लॉइड काउंटीत अडीच हजारांवर मतपत्रिका मोजायच्या राहिलेल्या सापडल्या. त्यातली जास्त मतं ट्रम्प यांचीच होती, ती त्यांच्या खात्यात गेली, फरक थोडा घटला आणि निकाल तोच राहिला. राज्याचे निवडणूकप्रमुख त्यांच्याच पक्षाचे, तरी त्यांना तो निकाल ठामपणे सांगता आला, कारण हातात कागद होता. न पटणाऱ्या माणसाचं तोंड पुरावा बंद करू शकत नाही. तो शेजारच्या माणसाला, न्यायाधीशाला, त्याच पक्षाच्या अधिकाऱ्याला उभं राहायला जागा देतो.

राहता राहिली ती एक कोरडी, नियमपुस्तिकेतली गोष्ट, जिच्यावर टीव्हीवर कधीच चर्चा होणार नाही. पाच केंद्रांपैकी एकात चिठ्ठ्यांचा आणि यंत्राचा ताळा जमला नाही, तर त्या केंद्रापुरता चिठ्ठ्यांचा आकडा धरायचा, हे नियमात लिहिलेलं आहे. उरलेल्या २९५ केंद्रांच्या पेट्या तेव्हा उघडायच्या की नाही?